एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं

डोरीनने आरसा थोडा तिरका केला. उन्हाची तिरीप दगडावर आडवी पडली आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावल्या आल्या.

समोरून पाहिलं तर त्या थडग्याच्या दगडावर काहीच दिसत नसे. दोनशे वर्षांच्या पावसाने तो वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा करून टाकला होता. बाजूने उजेड पाडला तरच वाचता यायचा. चर्चच्या आवारातली सगळी जुनी थडगी ती आणि हेडली अशीच वाचत आले होते. कोणाचं घराणं कुठलं, कोण कोणाचा पूर्वज, हे त्यातूनच जुळवायचं.

हेडली अजून यायचा होता. नवऱ्याच्या, लायनेलच्या थडग्यापाशी डॅफोडिल ठेवून झाले होते. आरसा पिशवीत होता आणि ऊन नेमकं इथे आलं होतं. आपल्या खापरपणजीचं, टॅबिथा लव्हिकचं नाव एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

तिने आरसा उजवीकडून धरला. मग डावीकडून. मग वरून. तिन्ही वेळा तेच दिसलं.

जोब थ्रोअर. गिरणीवाला.

“काय गं, आज कोणाची भेट? लायनेलची की पणजीबाईंची?” चर्चमधली फुलं बदलायला निघालेली बेरिल बादली सावरत वाटेवरूनच ओरडली. “दोघांनाही सांग, बाहेर गारठा आहे, उठू नका!”

डोरीनने नुसता हात वर केला.

थोड्या वेळाने हेडली आला. काखेत घडीचं स्टूल, एका हातात थर्मास, दुसऱ्यात कागद अडकवलेली पाटी.

“चहा कडू झालाय, आधीच सांगून ठेवतो,” तो म्हणाला. “नंतर शिव्या नकोत.”

“हा दगड तू वाचला होतास.”

“मग? नियम तुझाच. ज्याला उत्तर हवं असतं, त्याने यंत्राचा काटा वाचायचा नाही.”

नियम तिचाच होता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून तिने तो इथे आणला होता. मनात नाव धरून झिजलेल्या दगडाकडे पाहिलं की ते नाव दिसायला लागतं. म्हणून एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाठ फिरवून लिहायचं. लव्हिक मंडळी निघण्यासारखी जागा आली की पाठ तिने फिरवायची. चार वर्षांपूर्वी ती इथेच पाठमोरी उभी होती. हेडलीने “टॅबिथा लव्हिक” म्हटलं तेव्हा तिच्या हातातली पेन्सिल मोडली होती.

“आता वाच,” तिने आरसा धरला.

“डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत गं.”

“हेडली.”

त्याने स्टूल उघडलं, त्यावर बसला, थर्मासचं झाकण फिरवू लागला. दगडाकडे त्याने पाहिलंच नाही.

“जोब थ्रोअर,” तो म्हणाला.

चर्चच्या दारात बेरिलने शिळं पाणी ओतल्याचा आवाज आला.

“तुम्ही दोघं कॅनडाला निघाला होतात,” हेडली म्हणाला. “लेकीकडे. घर विकायला काढलं होतंत. एवढं शोधून या गावात एक लव्हिक सापडत नाही, मग मी इथे कोणाची, असं तूच म्हणालीस. मी थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस?”

“नाही.”

“म्हणून ‘थांब’ हे टॅबिथाला म्हणायला लावलं.”

डोरीनने आरसा खाली घेतला.

“लायनेलला राख होऊन समुद्रात जायचं होतं,” ती म्हणाली. “शेवटच्या आठवड्यातही तेच सांगत होता. क्रोमरच्या धक्क्यावरून सोड मला, वारा पाहून सोड, नाहीतर अंगावर येईन. मी म्हटलं, नाही. आता इथे आपलं माणूस आहे, तिच्याजवळ ठेवते तुला.”

“माहीत आहे.”

“खड्डा तू खणलास.”

राख डब्यात ठेवली नव्हती. थेट मातीत ओतली होती. त्याला तीन हिवाळे होऊन गेले होते. आता परत काढायचं म्हटलं तरी काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“बाकीचे सगळे दगड खरे वाचलेत, डोरीन. देवाशपथ. खोटा हा एवढाच.”

“ते मला कसं कळणार?”

त्याने चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. तिने कप घेऊन गवतात ठेवला, पाटी उचलून त्याच्या हातात दिली.

“पाठ फिरव.”

तो उठला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

“जोब थ्रोअर. गिरणीवाला. लिही.”

पेन्सिल कागदावर खरखरली.

“पुढचा?” त्याने सवयीने विचारलं.

डोरीनने आरसा शेजारच्या लहान दगडाकडे वळवला. त्यावरची अक्षरं खोल आणि नवी होती, त्यांना आरशाची गरज नव्हती. त्यांच्याखाली तिने स्वतःच्या नावासाठी वीतभर जागा सोडायला लावली होती. तिरीप त्या जागेवरून सावकाश फिरली. कुठेही सावली पडली नाही.

“लायनेल फ्लेग,” ती म्हणाली. “त्याखाली कोरं. आणि ते कोरंच राहील. तसंच लिही.”

पेन्सिलचा आवाज आला नाही.