नाक्यावरचा फ्लेक्स

लेकीच्या शोधाला पेटंट मिळालं, तेव्हा दयारामने थळच्या नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लावला: ‘कु. कल्पिता हिचे पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ पेटंट म्हणजे काय, हे तो आठवडाभर अख्ख्या गावाला समजावत होता.

मग एका संध्याकाळी कल्पिता पुण्याहून आली. परसात वालाच्या शेंगा भरलेलं पोपटीचं मडकं जाळावर होतं.

“बाबा, नेट गेलं तरी अर्धा भरलेला फॉर्म पुसला जाऊ नये, अशी युक्ती मी काढलेली ना? ती सगळ्या वेबसाइटना वापरता यायला हवी, तर तिच्यावर कोणाचा हक्क असून चालत नाही. मी आमच्या कंपनीशी भांडले. कंपनीने पेटंट सोडलं.”

“म्हंजे कोनीपन वापरनार? फुकाट?”

“फुकट.”

दयारामचं तोंड एवढंसं झालं. “आनी माजा फ्लेक्स?”

तेवढ्यात कुंपणापलीकडून नवा मुंबईकर शेजारी ओरडला, “काका, आमची पोपटी शिजली हे ओळखायचं कसं?”

“मडक्यावर पानी शिंपडा! चर्र झालं का उतरवा!” दयाराम ओरडला. तेवढ्याने राहवेना, म्हणून उठून पलीकडे गेलाच. परतला तो त्यांच्याच मडक्यातल्या वालाच्या शेंगा चघळत, खुशीत. कल्पिता त्याच्याकडे बघून नुसती हसली.

“काय हसतंस?” म्हणाला, आणि मग आपलंच ‘फुकाट?’ आठवून तोही हसत सुटला.

सकाळी नाक्यावर फोटो काढायला ही गर्दी. फ्लेक्सवरच्या ‘मिळाल्याबद्दल’वर कागद डकवून दयारामने लालभडक अक्षरांत लिहिलं होतं: ‘सोडल्याबद्दल’.