कोरा निरोप

यंत्राला मरण नसतं, असं शेखर कॉलेजात शिकला होता. त्यानं केलेलं यंत्र मात्र आठ दिवस रोज सकाळी सव्वाअकराला मरत होतं.

शहापुरात, बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत पाण्याच्या टँकरच्या तक्रारी मोबाइलवरून येत. टँकर भगीरथशेठचे, तक्रारी घेण्याचा ठेकाही भगीरथशेठचाच. 'पाड्यावर तीन दिस टँकर नाय' असं कुणी लिहिलं की एक लायब्ररी, म्हणजे बाहेरून आणलेला तयार प्रोग्राम, प्रत्येक शब्दावर चिठ्ठी डकवायची: जागा, मुदत, वस्तू, नकार. लायब्ररी सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेतली. शेखर तिला जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतून हाक मारायचा. जावास्क्रिप्टचं चुकलं तर ते निदान बोंब मारतं. ही बया मुकाट जीव सोडायची आणि जावास्क्रिप्टलाही बरोबर न्यायची.

सोमवारी तालुक्याचे साहेब बघायला येणार होते. तेव्हा मेलं तर तूही सामान बांध, असं शेठनं सांगून ठेवलं होतं.

चार हजार तक्रारींवर हातानं चिठ्ठ्या लावून यंत्राला शिकवलं होतं ते पाड्यावरून कामाला येणाऱ्या भिमीनं. "सव्वाअकरा म्हंजे आमच्या पाड्याच्या टँकरचा टाइम," ती म्हणाली. "कागदावर." मग तिनं कॉम्प्युटरवर लिंबू-मिरची टांगली. शेखरनं ती काढली नाही.

शुक्रवारी त्यानं लायब्ररीला देण्याआधी प्रत्येक निरोप फाइलीत टिपायला लावला. सव्वाअकराला यंत्र मेलं. शेवटच्या ओळीत एक मोबाइल नंबर होता, पुढे काहीच नाही. चिठ्ठी डकवायला एकही शब्द नव्हता, म्हणून लायब्ररी मेली होती. मोबाइलमध्ये पाहिलं, तर आठही दिवस तोच नंबर, तीच वेळ, कोरा निरोप.

भिमीचा आवाज खाली आला. "दादा, लिवायचं पण बळ नसंल त्यांना. आमची पारूआजी अशीच गेली. रिकाम्या हंड्याजवळ."

शेखरनं लगेच तो नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"मना काय झालंय? बरी हाय. टँकरवाल्यानं तुमचा कागद दिला, त्यात खाली बारीक लिवलंय, टँकर आला तर कोरा निरोप धाडा. रोज येतो, म्हनून धाडते."

ते बारीक अक्षरातलं कलम शेखरनंच लिहिलं होतं आणि तो ते विसरूनही गेला होता. त्याआधीच्या तीन महिन्यांत एकही कोरा निरोप आला नव्हता. त्याला हसू फुटलं. दुरुस्ती दोन ओळींची होती, नोकरी वाचली होती. वर सोमवारी साहेबांना दाखवायला एक समाधानी गावही मिळालं होतं. भिमीला ऐकू जावं म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि गावाचं नाव विचारलं.

"गाव कुटलं, दादा. मुरबाड रस्त्याला भगीरथशेठचं फार्महाऊस. मी बाईजा, राखणीला. स्विमिंग पूल अजून निम्माच भरलाय."