हरेल त्याचा हात

"उठत नाही हो, बाई. कालपासून तोंडावर पांघरूण घेऊन पडलाय." चिमण्याची आई जिन्यातच भेटली. "माझं तर ऐकतच नाही. म्हटलं, तुम्हालाच बोलवावं. तुमच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही."

बाईंनी कठड्याला धरून जरा दम खाल्ला. गुडघे कुरकुरत होते. येताना दुकानांची दारं अर्धी ओढलेली दिसली होती आणि गल्लीत एकही पोर खेळत नव्हतं. फाटकावरच्या माणसानं त्यांची पिशवी उघडून पाहिली होती. "छडी नाही आणली रे," बाई त्याला म्हणाल्या होत्या. तो हसला नव्हता.

"जेवला का?"

"कुठलं! पाण्याच्या घोटावर आहे. आणि ते त्याचे दोस्त, सकाळपासून बाहेर ठाण मांडून बसलेत. एक म्हणतो, चिठ्ठ्या परत मोजायला लाव. दुसरा म्हणतो, डबाच खोटा होता म्हण. आणि तो बूट वाजवत फिरणारा तर आगीत तेलच ओततोय. म्हणतो, तू खुर्चीवरून हलूच नकोस, कोण उठवतंय तेच बघतो मी."

"आणि याचं काय म्हणणं?"

"त्याचं कसलं म्हणणं! शेवटी जो कान भरेल त्याचं खरं. तुम्ही ओळखता की त्याला."

खोलीत पडदे ओढलेले होते. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पांघरुणाचा एक ढीग पडला होता. उशाशी दुधाचा पेला, वर जाड साय धरलेली. बाई पायथ्याशी टेकल्या.

"काय चिमणराव? हरलात म्हणे."

ढीग हलला, पण उघडला नाही.

"हरलो नाही, बाई. हरवलंय मला." आवाज बसलेला होता. "आणि कुणी, तर त्या कालच्या पोरीनं! नळाला पाणी कुणामुळे आलं? झाडं कुणी लावून घेतली? तेव्हा टाळ्या मला. आणि चिठ्ठी टाकायची वेळ आली की तिला!"

"टाळ्या उघड्यावर वाजवतात, बाळा. चिठ्ठी आडोशाला टाकतात. आडोसा असतोच त्यासाठी."

पांघरूण आणखी वर ओढलं गेलं.

बाईंना आपला वर्ग आठवला. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक पुस्तकातून शिकवणं त्यांना कधी जमलंच नाही. बुटांच्या खोक्याला फट पाडायची, भिंतीवरचा नकाशा काढून त्याचाच आडोसा करायचा, एकेकाच्या नखाला शाई लावायची. मत न देताच खेळायला पळणाऱ्याला त्या दारात गाठायच्या. "जा, खुशाल जा. पण मग वर्षभर कुरकुरायचं नाही."

आणि सगळ्यात शेवटी यायचा तो त्यांचा नेम. हरलेल्यानं आपणहून पुढे यायचं, फळ्याजवळची खुर्ची ओढायची आणि जिंकलेल्याला तिच्यावर बसवायचं. जिंकणं काय, कुणालाही जमतं. बाई शाबासकी द्यायच्या ती खुर्ची ओढणाऱ्याला.

चिमणा हरला तेव्हा त्याच खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसून राहिला. शाळा सुटली तरी उठेना. बाई रागावल्या नाहीत. त्याच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसल्या, तो उठेपर्यंत.

"मी उठलो तर लोक हसतील," पांघरुणातून आवाज आला.

"हसतील की. चार दिवस हसतील आणि आपापल्या कामाला लागतील. आणि नाही उठलास तर?"

दाराबाहेर बूट वाजत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"पोरं भेदरलीत रे," बाई हलकेच म्हणाल्या. "तू काय करतोस त्याकडे डोळे लावून बसलीत. मी इतकी वर्षं घसा कोरडा करून शिकवलं ते खरं, की नुसतं फळ्यावरचं, फडकं फिरवलं की गेलं? ते मला नाही ठरवता येत. आज तुझ्या हातात आहे."

एवढं बोलून त्या पलंगावरून उठल्या. एका हातानं पलंगाची कड धरली आणि कण्हत कण्हत खाली फरशीवर बसू लागल्या.

"बाई! अहो, खाली नका बसू. गुडघे..."

पांघरूण फेकलं गेलं. त्यानं वाकून त्यांचं कोपर धरलं. पण तोवर बाई बसल्याही होत्या.

"चिठ्ठी गेली डब्यात," त्यांनी खालूनच वर्गातलं जुनं गाणं धरलं.

"राग ठेवा खिशात," तो पुटपुटला.

"पुढे? की विसरलास?"

"जिंकेल त्याची खुर्ची," तो म्हणाला, "हरेल त्याचा हात."

आई ओला टॉवेल घेऊन तयारच होती. तिनं त्याचं तोंड खसाखसा पुसलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांतून बोटं फिरवली. "आधी दूध. मग कुठं जायचं ते जा." तो सायीसकट पेला एका दमात प्यायला आणि त्यानं दार उघडलं.

बाहेरच्या दोन्ही बंदुका ताठ झाल्या. वाजणारे बूट खाडकन जुळले.

"राष्ट्राध्यक्षसाहेब, रणगाडे चौकात पोचलेत," सेनापती म्हणाला. "फक्त हुकूम द्या."

त्यानं एकदा मागे, फरशीवर बसलेल्या बाईंकडे पाहिलं. त्याच्या पांढऱ्या मिशीवर दुधाची रेघ तशीच होती.

"परत फिरवा. आणि नव्या राष्ट्राध्यक्षांना फोन लावा. म्हणावं, या. खुर्ची ओढून द्यायला मी उभा आहे."