पहिलं काज

काज करणारं यंत्र घडवणाऱ्या संशोधकावर सिनेमा निघत होता. त्याची म्हातारी बायको सकाळपासून सेटवर अवघडून बसली होती. यंत्र चाललं की नट “जमलं!” म्हणून ओरडायचा, पण बायको झालेल्या नटीच्या चेहऱ्यावर आश्चर्य काही उमटेना. अकराव्या टेकला दिग्दर्शक मेटाकुटीला आला. “आजी, तुम्हीच दाखवा हिला.” म्हातारी कशीबशी उठली. तिने डोळे विस्फारले, तोंडावर हात नेला. “अगंबाई, झालं की हो!” टाळ्या पडल्या. खाली बसत तिने पिशवीतली चिंधी नटीच्या हातात ठेवली. चिंधीवर एकच सुबक काज होतं. “तीन रात्री जागून यांचा डोळा नुकताच लागला होता. मी यंत्राचा स्क्रू जरासा आवळून चालवलं नि हे काज झालं. उठवायचं जिवावर आलं, चिंधी लपवली. उठल्यावर यंत्र चालवून हे ओरडले, तेव्हा हाच चेहरा केला. एकाच टेकमध्ये.”