चढती रेघ

बायनाबाईने डोक्यावरची टोपली हरिदास गुरुजींच्या पडवीत उतरवली आणि भिंतीलगत उपडी केली. काळा, चिकट लगदा सारवलेल्या जमिनीवर पसरला. आंबूस वास सुटला. चैत्रात पहाटे उठून तिने आणि तिच्या लेकीने, सीताने, रानात वेचलेल्या मोहफुलांचा लगदा होता तो.

भिंतीवर, लगद्याच्या बरोबर वर, गुरुजींचा आलेखाचा कागद होता. पोंभुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवणारा हा माणूस त्र्याऐंशी सालापासून, गेली तीन वर्षं, दर बाजारी मोहाचा भाव विचारून त्यावर टिंब मांडत होता. टिंबं जोडून रेघ झाली होती. भाव पडतो, पण प्रत्येक वेळी मागच्या पडीपेक्षा वरच थांबतो. मग चढला की आधीच्या उंचीलाही मागे टाकतो. अशी रेघ चढती असते, अशा वेळी विकायची घाई करायची नाही, हे त्यांनी चैत्रात तिला बोट ठेवून समजावलं होतं. आणि तिला ते समजलंही होतं.

दर साली ती मोह विकायची आणि मिरगाआधी छपराचे कवेलू फेरून घ्यायची. वानरं उड्या मारून निम्मे फोडून ठेवत. उरलेल्या पैशात पोळ्यापर्यंतचा तांदूळ यायचा. यंदा ती थांबली. कवेलूही थांबले. पहिल्याच पावसात घर गळलं.

गुरुजींना वाईट वाटलं. तसं ते म्हणालेही. पण बोलता बोलता नजर कागदाकडे गेली आणि त्यांच्याने राहवलं नाही. रेघ मात्र चुकली नाही, भाव चैत्राच्या दीडपट झालाय, आजच बाजारात विचारून आलो, असं त्यांनी सांगितलं.

"मालूम हाय मले. मोह घेनाऱ्या शेटनं सांगतलं. त्याच्या गोदामावर टिनाचे पत्रे हायेत," बायनाबाई म्हणाली. "मले येक सांगा गुरुजी, हे रेघ पावसातच काऊन चढते?"

गुरुजी खुलले. वर्गात असा प्रश्न कोणी विचारत नसे. पावसात गावोगावचा माल खराब होतो, बाजारात कमी येतो, घेणारे मात्र तेवढेच राहतात, म्हणून...

ते तिथेच थांबले.

"बोला ना. आमचा सडते म्हनून चढते."

गुरुजींची नजर खालच्या लगद्यावर गेली.

"आजचं टिंब मांडलं का?"

मांडलं नव्हतं.

"मंग मांडा. माह्यासमोर मांडा."

ती उंबऱ्याशी हात बांधून उभी राहिली. गुरुजींनी खिशातली पेन्सिल काढली. या वेळचं टिंब फार वर होतं. तिथवर हात पोचवायला त्यांनी एक पाय लगद्यात ठेवला, मग दुसरा, आणि टाचा उंचावल्या.