कंपनीचा सायलेन्सर

मोटरसायकल रेसच्या महोत्सवाला निघालेल्या कर्कश गाड्या आज पोलीस नाक्यावर अडवणार, हे कळल्यावर दामूअण्णांनी पाना घेतला. पोराने हौसेने लावलेला धडधडणारा सायलेन्सर उतरवला आणि माळ्यावरचा कंपनीचा बसवला. तीस वर्षं एसटी चालवून त्यांची एकदाही पावती फाटली नव्हती. याच सायलेन्सरपायी त्यांनी पोराशी उभा दावा मांडला होता.

पोर गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने गेलं. तेव्हापासून गाडी बंदच होती. आज रेसच्या मैदानात त्याच्या आठवणीसाठी त्याच्या गाडीची एक फेरी होती, आणि ती अण्णांनीच मारावी असा मित्रांचा हट्ट होता.

लायसन्स, विमा, हेल्मेट, सगळं चोख होतं. अण्णांनी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून पाहिली. गाडी मांजरीसारखी गुरगुरत परत दारात आली.

"अगं, ऐकलंस? आता कोण अडवतंय बघू!"

बायको पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. पायरीवर पडलेल्या सायलेन्सरकडे बघत राहिली.

"कोपऱ्यावर त्याची गाडी वाजली, की मी तवा ठेवायचे," ती म्हणाली. "आज पुन्हा वाजेल म्हणून सकाळपासून कणीक मळून बसलेय, अहो."