अंगठ्याचा ठसा

वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा हल्ली स्वतःवरचे डाग स्वतःच पुसायचा. त्याला ते शिकवलं होतं नुकत्याच रुजू झालेल्या केतकीने. बावीस वर्षं तो घासणाऱ्या, जपणाऱ्या दमयंतीबाईंना आता कुणी विचारत नव्हतं.

दुपारी घुमटात एकट्या असताना त्यांनी हातमोजा काढला आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. उघडा अंगठा आरशावर दाबला.

डाग दहा मिनिटांत विरून गेला.

तेवढ्यात केतकी आली. “बाई, कडेचा तो ठसा पाहिलात? पहिल्या दिवशी माझा अंगठा लागला होता. आरशाला कितीदा सांगितलं, पण हा तेवढा पुसतच नाही.”

दमयंतीबाईंनी वाकून पाहिलं. ठसा स्पष्ट होता. भोवतालची काच आरशाने त्याला धक्का न लावता लख्ख केली होती.